बसणं जमतं, उठणं अडतं : शौचालयातल्या आधाराविषयी वाचकांचे प्रश्न

या विषयावर आलेल्या पत्रांत कारणं निरनिराळी आहेत. कुणाचे गुडघे झिजलेत, कुणाचा खुबा बदललाय, कुणाला पक्षाघात झालाय, कुणी व्हीलचेअरवर आहे. पण जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न येतो : कोणतं मॉडेल घ्यावं? मॉडेल अगदी शेवटी ठरवायचं. त्याआधी त्या माणसाला घरातल्या साध्या खुर्चीतून तीन-चार वेळा उठताना नीट बघा. हात कुठे टेकतो? दांडी धरून शरीर पुढे ओढतो, की हाताने खाली दाबून वर येतो? कोणता पाय आधी मागे घेतो? हे कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांना ती चिठ्ठी लागेल.

प्रश्न : आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. कमोडवर ती बसते, पण उठताना टाकीला धरते. दुकानदार ‘उंच कमोड’ घ्या म्हणतो. किती उंच घ्यावा?

उत्तर : साध्या कमोडची सीट जमिनीपासून साधारण ४०० ते ४२० मिमीवर असते. उंच म्हणून जे विकले जातात, त्यांची सीट ४३० ते ४८५ मिमीच्या दरम्यान येते. इथे पहिली फसगत होते. कॅटलॉगमधला आकडा बऱ्याचदा चिनीमातीच्या काठापर्यंतचा असतो आणि सीटची जाडी त्यावर १५ ते २५ मिमी भरते. त्यामुळे ‘सीटच्या वरपर्यंत किती?’ असं विचारून घ्या.

आता आईंचं माप. शौचालयात त्या जी चप्पल घालतात ती घालून त्यांना टणक खुर्चीवर बसवा. गुडघे काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतचं अंतर मोजा. त्यात २५ ते ५० मिमी मिळवा. वळ ३९० मिमीवर असेल तर ४१५ ते ४४० हे त्यांचं माप झालं. दुकानातला ४८० मिमीचा कमोड त्यांना उपकाराऐवजी अपकारच करेल. पाय लोंबकळतील, सीटची कड मांडीच्या मागे रुतेल, दहा मिनिटांत पावलांना मुंग्या येतील आणि त्याच बधिर पावलांवर उभं राहायची वेळ येईल. शिवाय पाय टेकलेले नसले की जोर लावता येत नाही, त्यामुळे पोट साफ होण्यातही अडचण येते. पायाखाली पाट ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण उठताना तोच पाट पायात येतो.

खरेदीआधी एक चाचणी घ्या. बुटक्या, टणक स्टुलावर सपाट फळ्या घट्ट बांधून १०-१५ मिमीच्या टप्प्याने उंची वाढवत न्या. शेजारी कुणीतरी उभं असू द्या. हाताचा अगदी हलका आधार घेऊन सलग तीन वेळा उठता येईल अशी सर्वांत कमी उंची शोधा. ही चाचणी सकाळी करा. सांधे तेव्हाच सर्वांत आखडलेले असतात आणि शौचालयाची गरजही तेव्हाच असते. दुपारी घेतलेलं माप थोडं कमी भरतं.

टाकीला धरून उठणं मात्र आजच थांबवा. टाकी मागे असते, त्यामुळे तिला धरताना खांदा पिळवटतो. आणि टाकी दोन-तीन बोल्टवर बसवलेली असते, माणसाचं वजन पेलण्यासाठी नव्हे.

प्रश्न : जुना कमोड फोडायचा नाही. खालून ओटा करून उचलता येईल का?

उत्तर : येईल. मात्र ओटा कमोडच्या पायाच्या आकाराचाच करा, कडेला एक बोटही जास्त नको. गवंडी सवयीने चौकोनी, ऐसपैस ओटा बांधतो. मग उठताना टाचा मागे घ्यायला जागाच उरत नाही. टाच गुडघ्याच्या मागे गेल्याशिवाय कुणालाही सहज उठता येत नाही, धडधाकट माणसालाही नाही. स्वतः करून पाहा. दुसरी गोष्ट निचऱ्याच्या पाइपची. कमोड उचलला की त्याचं तोंडही तेवढंच वर जातं. निचरा जमिनीत असेल तर जोडतुकडा लांब घ्यावा लागतो. भिंतीत असेल तर पाइपचं तोंड नव्या उंचीवर आणावं लागतं. वाकवलेल्या लवचीक नळीने ते भागवलं तर तिच्या चुण्यांत मैला अडकून वारंवार तुंबतं.

भिंतीला टांगायचा कमोड घेत असाल तर उंची हवी तशी ठरवता येते, हा त्याचा खरा फायदा. पण त्याचा भार भिंतीतल्या लोखंडी चौकटीवर असतो. ती चौकट जमिनीत आणि भिंतीत, दोन्हीकडे पक्की हवी आणि उंची टाइल लावण्याआधीच ठरायला हवी. नंतर बदल नाही.

प्रश्न : सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन-तीन महिन्यांपुरतं सीटवर बसवायचं उंची वाढवणारं साधन चालेल का?

उत्तर : चालेल, आणि थोड्या दिवसांसाठी तेच शहाणपणाचं. खुबा बदलल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नसतो. हे किती आठवडे पाळायचं ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सांगतील. ही साधनं साधारण ५०, १०० आणि १५० मिमी जाडीची मिळतात. १५० हा आकडा भुरळ घालतो, पण उंची जितकी वाढते तितकी डळमळही वाढते. वरच्या रीतीने माप घेऊन जेवढं कमी पडतं तेवढंच घ्या.

कमोड गोल आहे, लांबट आहे की इंग्रजी ‘डी’सारखा, ते पाहून साधन निवडा. गोल साधन लांबट काठावर पुढून सुटं राहतं. शिकंजा चिनीमातीच्या काठालाच आवळायचा, सीटला नव्हे. सीट वर उचलून किंवा काढून ठेवावी लागते. बसवून झालं की दोन्ही हातांनी आडवं आणि पुढे-मागे जोरात ढकला. जरा जरी सरकलं तर वापरू नका. पहिल्या दिवशी घट्ट बसलेलं साधन आठवड्याने सैल होतं, म्हणून साफसफाईसाठी काढून परत लावताना दर वेळी ही ढकलाढकली करा.

साधनालाच खुर्चीसारखे हात जोडलेले असतात, ते दोन्ही एकाच वेळी दाबायचे. एकाच हातावर भार टाकला की साधन दुसऱ्या बाजूने उचललं जातं. ज्यांचा एकच हात चालतो त्यांच्यासाठी ते नाही. त्यांना भिंतीतली दांडीच हवी. कमोडभोवती ठेवायच्या चार पायांच्या चौकटीचंही तसंच आहे. पायांचे रबरी बूच झिजले की ती ओल्या फरशीवर घसरते. बूच सुटे मिळतात, ते बदलत राहा.

एक गफलत फार होते. सीटखाली बसवलेला धुण्याचा फवारा आणि उंची वाढवणारं साधन एकाच जागेवर हक्क सांगतात. फवाऱ्याची नळी साधनाच्या आतल्या भिंतीवर आपटते आणि पाणी बाहेर येतं. दोन्ही हवं असेल तर कमोडच उंच घ्या.

प्रश्न : आधाराच्या दांड्या नेमक्या कुठे लावाव्यात? प्रत्येक जण वेगळी उंची सांगतो.

उत्तर : वेगवेगळी उंची सांगतात, कारण कामं वेगळी आहेत. खाली दाबून उठणाऱ्याला आडवी दांडी हवी, सीटच्या वर साधारण २०० ते २५० मिमी. म्हणजे सीट ४५० मिमीवर असेल तर दांडी ६५० ते ७०० मिमीवर. बसल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहून तळहात दांडीवर सपाट टेकला की उंची बरोबर. पुढे ओढून उठणाऱ्याला उभी दांडी हवी. ती कमोडच्या पुढच्या टोकाच्याही पुढे १५० ते २५० मिमी असावी, तळ सीटच्या वर २०० मिमीच्या आसपास आणि लांबी ४५० ते ६०० मिमी. कमोडच्या बरोबरीने किंवा मागे लावलेली उभी दांडी शरीर पुढे आणण्याऐवजी मागेच खेचते. व्हीलचेअरसाठीच्या काही मानकांत आडवी दांडी ८४० ते ९१५ मिमी इतकी वर सांगितलेली आढळते. सार्वजनिक जागी अनेकांना पुरावी म्हणून ती मोजमापं आहेत. घरी ज्याच्यासाठी लावायची त्याचा हात हेच माप.

तिरकी दांडी दिसायला छान दिसते, पण ओल्या हाताने तिच्यावर दाब दिला की हात उतारावरून घसरतो. एल आकाराची, म्हणजे आडवी आणि उभी एकत्र, ही बहुतेकांना पुरते.

दांडीची जाडी ३२ ते ३८ मिमी. संधिवाताच्या बोटांना जाड बाजूची बरी वाटते. भिंत आणि दांडी यांत ३८ ते ४० मिमी फट ठेवा. फट जास्त असली तर बरंच, असं वाटतं खरं, पण तोल गेलेल्या माणसाचा अख्खा हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. पृष्ठभाग चकचकीत नको, बारीक खरबरीत हवा.

कमोडच्या एका बाजूला भिंत नसेल तर वर उचलता येणारी दांडी लावा. तिचं कमोडच्या मध्यरेषेपासून अंतर ३०० ते ३२० मिमी असावं. त्याहून लांब गेली तर दाबताना खांदे पसरतात आणि जोर जातो. चोषक कप असलेले, टाइलवर दाबून चिकटवायचे आधार फार तर तोल सावरायला. सांध्यांच्या फटीवर किंवा खडबडीत टाइलवर त्यांची हवा गुपचूप निघून जाते आणि भार पडतो त्याच क्षणी ते सुटतात. टॉवेलची दांडी टॉवेलपुरतीच.

प्रश्न : वडिलांची उजवी बाजू पक्षाघाताने दुबळी झाली आहे. दाराकडून पाहिलं तर कमोडच्या डाव्या हाताला भिंत आहे, तिथे दांडी लावली. तरी त्यांना उठता येत नाही. काय चुकलं?

उत्तर : दिशा चुकली, आणि ही चूक सर्रास होते. वडील कमोडकडे तोंड करून येतात आणि बसण्याआधी पूर्ण वळतात. दारातून जी डावी भिंत दिसते ती बसल्यावर उजव्या हाताला येते. म्हणजे दांडी त्यांच्या दुबळ्या बाजूला गेली. डावं-उजवं नेहमी कमोडवर बसून ठरवा, दारात उभं राहून नाही.

आता उठण्यासाठी बसल्यावर डाव्या हाताला उचलती दांडी बसवा. पण आधीची काढू नका. आत येताना, वळेपर्यंत, त्यांचा चांगला डावा हात त्याच भिंतीच्या बाजूला असतो. म्हणजे एक दांडी वळण्यासाठी, एक उठण्यासाठी. दोन्ही बाजूंना भिंत असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

एका हाताच्या माणसाला बाकी साहित्यही त्याच हाताच्या बाजूला लागतं. फ्लशचं बटण पाठीमागे असेल तर दर वेळी कमरेत वळावं लागतं आणि तोल नेमका तिथेच जातो. बाजूला लांब, चपटा खटका असलेला फ्लश घ्या. तो कोपराने किंवा मुठीनेही दाबता येतो. भिंतीआड टाकी असेल तर हवेच्या नळीवर चालणारं बटण मिळतं. त्याला वीज लागत नाही आणि ते बाजूच्या भिंतीवर, हाताशी लावता येतं. सेन्सरचा फ्लश पुढे झुकलं की मध्येच सुटतो. घेतलाच तर हाताने चालवायची सोय असलेलाच घ्या.

हाताने धरायच्या जेटचा खटका सतत दाबून ठेवावा लागतो. दुबळ्या पकडीला ते जमत नाही, शिवाय त्या वेळी दांडी सोडावी लागते. सीटखाली बसणारा, बाजूच्या एका मुठीवर (नॉबवर) चालणारा फवारा सोयीचा. मूठ चांगल्या हाताच्या बाजूला येते का ते पाहा. बरेच फवारे फक्त उजव्या हाताचेच असतात. विजेवर चालणारी धुण्याची सीट घेतली तर आर्थिंग असलेलं सॉकेट आणि विजेची गळती होताच ३० मिलिअँपिअरवर प्रवाह तोडणारं संरक्षण (आरसीसीबी) हवंच, आणि सॉकेट पाण्याच्या फवाऱ्यापासून दूर. तिची भारमर्यादाही वाचा.

प्रश्न : दांडी लावून सहा महिन्यांत ती भिंतीतून उखडली. माल वाईट होता का?

उत्तर : माल क्वचितच वाईट असतो. बहुतेक वेळा स्क्रू विटेपर्यंत पोचलेलाच नसतो. हिशेब करा. टाइल ८ ते १० मिमी, तिच्यामागचा माल ५ ते २० मिमी, गिलावा १२ ते १५ मिमी. म्हणजे वीट सुरू व्हायलाच २५ ते ४५ मिमी गेले. डब्यात आलेला ५० मिमीचा स्क्रू विटेत ५ ते २५ मिमीच शिरतो, बाकी सगळा गिलाव्यात. विटेत किमान ५० मिमी शिरायला हवा, म्हणून ८० ते १०० मिमीचे स्क्रू आणि त्यांना जुळणारे लांब प्लग (स्क्रूला पकड देणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या) लागतात. जोडाच्या चुन्या-सिमेंटात नाही, विटेच्या पोटात छिद्र पाडा.

टाइलवर चिकटपट्टी लावून खूण करा. टाइलच्या बिटने, हातोडीचा ठोका बंद ठेवून, टाइल पार करा. मग विटेचा बिट लावून ठोका सुरू करा. टाइलमधलं छिद्र प्लगपेक्षा किंचित मोठं ठेवा आणि प्लग टाइलच्या मागे पूर्ण सरकवा. प्लग टाइलमध्येच फुगला की आज ना उद्या तडा जातो. छिद्रातली भुकटी फुंकून, ब्रशने साफ करा. भुकटीत प्लग पकड घेत नाही. स्क्रू घट्ट करण्याआधी छिद्रात सिलिकॉन भरा. नाहीतर पाणी आत मुरतं आणि मुलामा दिलेला साधा स्क्रू आतून गंजतो. बाहेर डोकं मात्र चकाकत असतं. म्हणून स्क्रूही स्टेनलेसचेच घ्या. दांडीच्या बैठकीला तीन छिद्रं असतील तर तिन्ही वापरायची. तिसरं जोडावर आलं म्हणून सोडून देऊ नका, बैठक फिरवा किंवा दांडी १० मिमी सरकवा.

पोकळ ठोकळ्याच्या भिंतीत फुगणारा प्लग पोकळीत नुसता फिरतो. तिथे जाळीच्या नळीसह रासायनिक अँकर (छिद्रात भरून घट्ट होणारा चिकट माल आणि त्यात बसवलेला बोल्ट) वापरतात आणि तो पूर्ण सुकेपर्यंत हात लावत नाहीत. हलक्या सच्छिद्र (एएसी) ठोकळ्याच्या भिंतीसाठी त्याच्याच जातीचा अँकर मिळतो, तो घ्या. अर्ध्या विटेची भिंत असेल तर आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, हेच सर्वांत खात्रीचं. बोर्डाच्या हलक्या भिंतीत आतून लाकडी आडवं किंवा जाड प्लायवूड बसवल्याशिवाय दांडी लावूच नका.

उचलत्या दांडीची गोष्ट आणखी कठीण. तिच्या टोकाला, भिंतीपासून ७०० मिमीवर, ६० किलो दाब दिला आणि बैठकीतल्या वरच्या-खालच्या स्क्रूंत २०० मिमी अंतर असलं, तर वरच्या स्क्रूंवर सुमारे २१० किलोची ओढ येते. भिंत जरा जरी संशयास्पद असेल तर जमिनीवर टेकणारा पाय असलेली उचलती दांडी घ्या.

ड्रिल लावण्याआधी नळाच्या सरळ वर, फ्लशच्या बटणाखाली आणि विजेच्या बटणांच्या रेषेत पाइप-वायर जाते का ते तपासा. काम झालं की घरातल्या सर्वांत वजनदार, धडधाकट माणसाने दांडीवर झटके देऊन भार टाकून पाहावा. दांडी सर्व दिशांनी ११० किलोच्या वर तरी तग धरायला हवी. पहिली परीक्षा रुग्णाची नको.

प्रश्न : व्हीलचेअरवरून बाजूने कमोडवर सरकायचं आहे. काय बघावं?

उत्तर : तीन मापं. सीटची उंची व्हीलचेअरच्या गादीच्या, माणूस बसून दबलेल्या गादीच्या, उंचीइतकी हवी. चढावर सरकणं फार कष्टाचं, म्हणून जाताना आणि येताना दोन्ही विचारात घेऊन बरोबरीच ठेवा. दुसरं, कमोडचं पुढचं टोक मागच्या भिंतीपासून ७०० ते ७५० मिमी पुढे यायला हवं. आखूड कमोड घेतला तर खुर्चीची मागची चाकं भिंतीला अडतात आणि दोन्ही सीटा शेजारी-शेजारी येतच नाहीत. तिसरं, सरकण्याच्या बाजूला निदान ७५० ते ९०० मिमी मोकळी जागा. तिथेच कचऱ्याचा डबा, बादली, ब्रश येऊन बसतात, ते हलवा. खुर्ची जागच्या जागी फिरवायची असेल तर १५०० मिमी व्यासाची मोकळी जागा लागते.

सीट पुढून कापलेली, घोड्याच्या नालेसारखी नको. सरकताना मांडी किंवा हात फटीत जातो. सीटच्या खाली बाजूचे रबरी टेकू असावेत, म्हणजे आडव्या ढकलण्याने ती बिजागरीवर सरकत नाही. बिजागरी धातूची हवी. पाठ टेकायला झाकण वापरू नका, पातळ झाकण तडकतं. वेगळी पाठ बसवता येते. दार उघडल्यावर मोकळी वाट ८०० मिमीपेक्षा कमी नको. ही चौकटीची नव्हे, उघडलेल्या दाराची जाडी वजा जाता उरणारी वाट.

प्रश्न : घरात उकिडवं बसायचंच भांडं आहे आणि फोडकाम शक्य नाही.

उत्तर : भोक असलेली चार पायांची खुर्ची त्यावर ठेवता येते. पण भांड्याच्या पायऱ्या उंच असतील तर खुर्चीचे पुढचे-मागचे पाय वेगळ्या पातळीवर येतात. पायांची लांबी स्वतंत्रपणे कमी-जास्त होणारी खुर्ची घ्या आणि चारही बूच सपाट टेकले की नाही ते दर वेळी पाहा. खुर्चीच्या भोकापासून भांड्यापर्यंत उंची बरीच असते, म्हणून खाली सरळ नळकांड्यासारखा भाग असलेली घ्या, नाहीतर शिंतोडे उडतात. चाकांची खुर्ची तिथे वापरू नका.

प्रश्न : रात्री एकटे जातात आणि आतून कडी लावतात. पडले तर?

उत्तर : दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर बाहेरच्यांना आत शिरताच येत नाही. तेवढं शक्य नसेल तर दारच उचलून काढता येईल अशा बिजागऱ्या लावा. कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येणारं कुलूप बसवा. उंबरा १२ मिमीपेक्षा उंच नको, आणि पायपुसणं दाराच्या बाहेरच राहू द्या. पलंगापासून कमोडपर्यंत हालचालीवर लागणारे मंद दिवे लावा. पांढऱ्या फरशीवर पांढरी सीट अंधूक दिसणाऱ्याला ओळखू येत नाही, तिथे गडद रंगाची सीट घ्या. मदतीच्या घंटेची दोरी छताला असेल तर तिचं टोक जमिनीपासून १०० मिमीवर येईपर्यंत सोडा आणि ती गुंडाळून खिळ्याला अडकवू नका. झाडलोट करताना ती वर बांधली जाते आणि मग तशीच राहते.